‘अजून नाही’ लिहायला घाबरू नका

प्रश्न : माझी मुलगी ३० व्या आठवड्यात जन्मली. आता ती १० महिन्यांची आहे. पुढच्या तपासणीला येताना भरून आणायला पालकांची प्रश्नावली दिली आहे. ती अजून आधाराशिवाय बसत नाही. सासूबाई म्हणतात, ‘सगळीकडे हो लिही, उगाच पोरीवर शिक्का बसेल.’ काय करू?

उत्तर : आधी वयाचा हिशेब करू, तुमची निम्मी काळजी तिथेच अडकली आहे. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. तुमची लेक १० आठवडे आधी आली. तेवढे वजा केले की तिचं सुधारित वय पावणेआठ महिने भरतं, आणि या वयात हात पुढे टेकून बसणारी बाळं मी रोज पाहते. प्रश्नावली त्याच वयाची हवी. १० महिन्यांची हातात पडली असेल तर बदलून मागा. दोन वर्षांची होईपर्यंत असंच मोजायचं.

आता त्या ‘हो’विषयी. ‘एजेस अँड स्टेजेस’ या प्रश्नावलीत बोलणं-समजणं, मोठ्या हालचाली, हाताबोटांची कामं, अडचण सोडवणं आणि माणसांत मिसळणं असे ५ भाग असतात, प्रत्येकात ६ प्रश्न. ‘हो’ला १०, ‘कधीकधी’ला ५, ‘अजून नाही’ला शून्य. एखाद्या भागाची बेरीज ठरलेल्या रेषेखाली गेली, तर आम्ही बाळाला सविस्तर तपासतो. ते निदान नसतं. खोट्या ‘हो’मुळे मात्र ही तपासणीच हुकते, आणि लवकर जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत ती हुकलेली मला अजिबात सोसत नाही.

एका आईने सगळं मनापासून भरलं होतं, गुणही चांगले होते. पण समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं होतं : ‘खुळखुळा नेहमी डाव्या हातानेच घेतो, उजवी मूठ उघडत नाही.’ बाळाचं सुधारित वय होतं ८ महिने. वर्षाच्या आत एकाच हाताचा वापर म्हणजे दुसऱ्या बाजूत अशक्तपणा असू शकतो. मी डावा हात हलकेच धरून ठेवला आणि खुळखुळा उजवीकडे धरला. बाळ रडलं, पण मूठ सुटली नाही. त्याच आठवड्यात त्याचे व्यायाम सुरू झाले. बेरजेत हे कुठेच दिसलं नव्हतं, आईला दिसलं होतं.

तेव्हा आठवून लिहू नका, करून बघा. बाळाचं पोट भरलेलं, झोप झालेली असताना चटईवर बसवा, कंबरेवरचा हात काढा आणि काय होतं ते पाहा. सर्दी-तापात नको. सासूबाईंनाही शेजारी बसवा. दिवसभर बाळ त्यांच्याजवळ असेल तर त्यांनी पाहिलेलंही मला हवं आहे. आणि गुण चांगले आले तरी डोळ्यांची व कानांची तपासणी टाळू नका, ती या कागदावर होत नाही.

समासातही लिहा. मी तो आधी वाचते.