झाडं जिथे थांबतात तिथे फुलं कशी तग धरतात?

तुम्ही विचारलं आहे की उंच डोंगर चढताना एका टप्प्यावर झाडं संपतात, पण त्याच्या वर गवत आणि फुलं मात्र मुबलक असतात. थंडी हेच कारण असेल तर आधी नाजूक फुलं मरायला हवीत आणि दणकट झाडं टिकायला हवीत, मग प्रत्यक्षात उलट का? आणि हवा तापत चालली आहे, तर झाडं वर सरकून ही फुलं संपवतील का?

प्रश्न अगदी नेमका आहे. मी डोंगरात जातो तो बहुतेक वेळा वृक्षरेषेच्या, म्हणजे झाडं संपतात त्या हद्दीच्या, वरचा हा पट्टा बघायलाच, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

हिवाळ्याची थंडी झाडांना अडवत नाही, इथून सुरुवात करू. सैबेरियात याकुत्स्कच्या आसपास हिवाळ्यात पारा उणे पन्नासच्या खाली जातो, तरी तिथे लार्चची जंगलं दूरदूरपर्यंत पसरलेली आहेत. वाढ थांबवून झाड एकदा स्वस्थ बसलं की असला कडाका ते सोसतं. अडचण येते ती उन्हाळ्यात. क्रिस्तियान कोर्नर आणि येन्स पाउल्सन या स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी जगभरात ४६ ठिकाणी, थेट वृक्षरेषेवर, जमिनीखाली १० सेंटीमीटरवर तापमापकं पुरून नोंदी घेतल्या. २००४ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. डोंगर विषुववृत्ताजवळचा असो की उत्तर ध्रुवाकडचा, वाढीच्या मोसमात मुळांजवळचं सरासरी तापमान सगळीकडे साडेसहा अंश सेल्सियसच्या आसपासच निघालं. उंची मात्र कुठल्या कुठे जाते. आल्प्समध्ये झाडं साधारण २००० ते २३०० मीटरला थांबतात, आग्नेय तिबेटात जुनिपर ४९०० मीटरपर्यंत चढतात, आणि बोलिव्हियातल्या साहामा ज्वालामुखीच्या उतारावर पॉलिलेपिसची बुटकी झाडं ५००० मीटरच्याही वर उभी आहेत. पर्वतांबद्दल आजवर जे वाचलं, त्यात इतकी साधी आणि तरी इतक्या ठिकाणी लागू पडणारी दुसरी गोष्ट मला सापडलेली नाही.

आता, एवढ्या गारव्यात झाडाचं नेमकं काय अडतं? पहिला अंदाज असा येतो की अन्न पुरत नसेल. तसं नाही. ५ अंशांतही पानं बऱ्यापैकी साखर तयार करतात. वृक्षरेषेवरच्या झाडांमधली साखर आणि पिष्ट मोजलं, तर ते खालच्या झाडांपेक्षा कमी भरत नाही, बऱ्याचदा जास्तच भरतं. म्हणजे कोठार भरलेलं आहे आणि बांधकाम बंद पडलं आहे. पेशींचं विभाजन होऊन नवं लाकूड आणि नवी मुळं घडण्याचं काम ५ अंशांच्या खाली जवळजवळ थांबतं. साठा असूनही तो वापरता येत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, ५ अंश तर फुलझाडालाही ५ अंशच. खरी मेख इथे आहे. त्याच जागी, त्याच दुपारी, फुलझाडाच्या वाट्याला ५ अंश येतच नाहीत. झाड उंच असतं, त्याच्या फांद्यांमधून वारा सतत वाहतो, त्यामुळे त्याची पानं आणि कोंब हवेच्याच तापमानाला राहतात. उन्हाने दिलेली ऊब टिकत नाही. शिवाय झाड स्वतःच्या मुळांवर सावली धरतं आणि जमीन आणखी गार करतं. जमिनीला चिकटून वाढणारी दोन-चार सेंटीमीटरची वनस्पती या वाऱ्याच्या तावडीत नसते. ऊन पडलं की तिच्या पानांमध्ये अडकलेली हवा तापते, खालची माती तापते, आणि स्वच्छ दिवशी ती भोवतालच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी गरम असू शकते. पुढच्या वेळी एखाद्या खिंडीत बोचरा वारा असेल तेव्हा गवतावर पालथे पडून बघा. उभं असताना जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढावी लागते, आणि त्याच जागी पडल्यावर पाच मिनिटांत ती उघडावीशी वाटते.

वृक्षरेषेच्या बऱ्याच वर झाडांची वीतभर रोपं सापडतात, त्याचंही उत्तर यातच आहे. गवतात दडलेलं आहे तोवर रोप मजेत असतं. गवताच्या वर डोकं काढलं की त्याला उंच झाडाची हवा लागते. शेंडा सुकतो, फांद्या आडव्या पसरायला लागतात, आणि हिवाळ्यात बर्फाच्या थराबाहेर जे उरेल ते वारा आणि त्याच्याबरोबर उडणारे हिमकण तासून काढतात. बर्फाखाली गाडलेला भाग सुखरूप राहतो, कारण जाड थराखाली तापमान शून्याच्या फार खाली उतरत नाही. हिमालयात रोडोडेंड्रॉनची वाकडीतिकडी, जमिनीसरपट झुडपं दिसू लागली की जंगल संपत आलं असं खुशाल समजावं.

वरच्या पट्ट्यातली मला सर्वांत थक्क करणारी वनस्पती म्हणजे उशीच्या आकारात वाढणाऱ्या जाती. लडाखमध्ये थायलॅकोस्पर्मम नावाची एक आहे. लांबून हिरवट गोलसर दगड वाटतो. जवळ जाऊन गुडघ्यावर बसलं की दिसतं, हजारो इवलेसे पानांचे गुच्छ एकमेकांना खेटून बसलेले आहेत, इतके घट्ट की बोटाने दाबलं तरी पृष्ठभाग दबत नाही. आतली जुनी पानं गळून पडत नाहीत, तिथेच कुजतात, ओल धरून ठेवतात, आणि त्या कुजलेल्या थरात त्याच वनस्पतीची मुळं शिरतात. स्वतःची माती स्वतः तयार करण्याचा हा प्रकार आहे. आल्प्स आणि आर्क्टिकमध्ये सायलीन अकॉलिस ही गुलाबी फुलांची उशी हेच करते. ती वर्षाला काही मिलिमीटरच पसरते आणि तिचं वय तीनशे वर्षांच्या पुढेही जाऊ शकतं. म्हणजे बुटासमोर आलेली ताटाएवढी उशी आपल्या पणजोबांच्याही आधीची असू शकते. हे कळल्यापासून मी वरच्या पट्ट्यात पाय ठेवताना खडक बघूनच ठेवतो, आणि माझ्याबरोबर जो येईल त्यालाही तेच सांगतो.

तुडवण्याचा परिणाम किती होतो याचं एक उदाहरण अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनचं आहे. हे शिखर १९१७ मीटरचंच, पण हवामान इतकं खराब की झाडं १४०० मीटरच्या आसपास संपतात. तिथे रॉबिन्स सिंकफॉइल नावाची पिवळ्या फुलांची इवलीशी वनस्पती आहे. पायवाट नेमकी तिच्या वस्तीतून जात होती आणि बुटांखाली ती संपत आली होती. १९८०च्या दशकात पायवाट बाजूला हलवली, नवी रोपं लावली, आणि २००२ साली तिचं नाव धोक्यातल्या जातींच्या यादीतून काढता आलं. लोकांना नुसतं थोडं पलीकडून चालायला लावलं, त्यातून एक अख्खी जात वाचली. असं प्रत्येक ठिकाणी करता येईल असं मला मनापासून वाटतं.

पण वर राहायचं तर बुटकंच राहावं लागतं असं मात्र नाही. उंच व्हायचं असेल तर ऊब सांभाळायची सोय बरोबर न्यावी लागते, एवढंच. पूर्व हिमालयात, ४००० मीटरच्या वर, रूबार्बच्या कुळातली रिअम नोबिल ही वनस्पती पुरुषभर उंच होते. तिची फुलं फिकट पिवळ्या, अर्धपारदर्शक पानांच्या आत झाकलेली असतात. ही पानं ऊन आत घेतात, अतिनील किरण बरेचसे अडवतात आणि आतली ऊब राखतात. ब्रह्मकमळाचंही तेच, म्हणजे हिमालयातल्या खऱ्या ब्रह्मकमळाचं, कुंडीत रात्री फुलणाऱ्या निवडुंगाचं नव्हे. आपण ज्याला पाकळ्या समजतो ती फुलांभोवतीची कागदी आवरणं असतात आणि खरी जांभळी फुलं आत दाटीने बसलेली असतात. त्याचाच भाऊबंद असलेलं फेनकमळ तर अंगभर पांढरी लोकर गुंडाळून घेतं.

केनिया पर्वताची गोष्ट आणखी वेगळी. विषुववृत्तावर असल्यामुळे तिथे हिवाळा असा नसतोच, वर्षभर दिवसा ऊन आणि जवळजवळ रोज रात्री गोठवणारी थंडी. थंडीच्या मोसमात निजून राहण्याची युक्ती तिथे चालत नाही, कारण तसा मोसमच नाही. तिथले प्रचंड सेनेसिओ, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातल्या झाडासारख्या उंच वनस्पती, वाळलेली पानं टाकून देत नाहीत, खोडाभोवती त्यांचा जाड थर ठेवतात. रात्र झाली की वरची पानं मिटून कोवळा कोंब झाकतात आणि सकाळी पुन्हा उघडतात.

वेळेचा प्रश्नही मोठा असतो. बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत दोन-तीन महिनेच मिळतात. एवढ्यात पान, कळी, फूल आणि बी असा सगळा प्रवास पहिल्यापासून करणं कठीण. म्हणून पुष्कळ जाती कळ्या आदल्या वर्षी, काही तर त्याच्याही आधी, तयार करून ठेवतात. आल्प्समधलं हिमनदीकाठचं रॅननक्युलस ग्लेशिॲलिस याच हिशेबाने चालतं. बर्फ हटल्यावर चार दिवसांत फुललेलं कुरण पाहून आपण हरखतो, पण त्यातली बरीच तयारी गेल्या उन्हाळ्यातली असते. उलट, एखादा उन्हाळा वाया गेला तर त्याचा फटका पुढच्या वर्षी दिसतो. किती वर जातात म्हणाल, तर स्वित्झर्लंडमधल्या डोम शिखराजवळ ४५०५ मीटरवर सॅक्सिफ्रेज नावाचं एक इवलंसं फुलझाड फुलतं, आणि पूर्व लडाखमध्ये ६१५० मीटरवर फुलझाडांची नोंद झालेली आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. आधी एक सावधगिरी: आपल्याला दिसणारी झाडांची हद्द प्रत्येक वेळी निसर्गाने आखलेली नसते. आल्प्समध्ये आणि हिमालयात शतकानुशतकांच्या चराईने जंगल खाली ढकललं आहे, आणि किलिमंजारोवर तेच काम आगींनी केलं आहे. खरी रेषा कुठे असावी हे बघायचं तर गुरं पोहोचत नाहीत अशा कड्यांवर आणि घळींमध्ये सर्वांत वरची झाडं शोधावीत. म्हणूनच झाडं वर सरकलेली दिसली की लगेच तापमानाला जबाबदार धरू नये, चराई थांबल्यामुळेही तसं होतं.

तरीही तापमानाचा परिणाम होतोच आहे. २००९ साली जगभरातल्या १६६ ठिकाणांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. त्यांतल्या निम्म्याहून किंचित जास्त ठिकाणी झाडं पुढे सरकली होती, मागे हटलेली जेमतेम एक टक्का, बाकी आहे तिथेच होती. झाडं सावकाश चालतात. बी पोहोचलं पाहिजे, रुजलं पाहिजे, आणि वर सांगितलेला तो गवताबाहेर डोकं काढण्याचा टप्पा पार पडला पाहिजे. शिखरांवर मात्र खालची लहान झुडपं आणि गवतं फार वेगाने येत आहेत. युरोपातल्या ३०२ शिखरांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की २००७ ते २०१६ या दशकात तिथे पोहोचलेल्या नव्या जातींची संख्या पन्नास वर्षांपूर्वीच्या दशकाच्या पाचपट होती. शिखरावर जास्त जाती दिसणं वरवर चांगलं वाटतं. पण नवे येणारे उंच आणि झपाट्याने वाढणारे असतात, आणि सावलीत जगणं उशीला जमत नाही.

फुलं सरसकट संपतील असं मला वाटत नाही. एकाच उतारावर, काही पावलांच्या अंतरात, खडकाची सावली, बर्फ साचणारा खळगा आणि उन्हाचा उंचवटा यांच्या तापमानात कित्येक अंशांचा फरक असतो. त्यामुळे पुष्कळ जातींना थंडावा शोधायला शेकडो मीटर चढावं लागणार नाही, दगडाच्या पलीकडे गेलं तरी भागेल. मला जास्त काळजी वाटते ती जिथे उष्णतेच्या जोडीला पाणीही कमी पडतं अशा डोंगरांची. २००१ ते २००८ या काळात युरोपातल्या ६६ शिखरांवर जी मोजणी झाली, त्यात उत्तरेकडच्या शिखरांवर जाती वाढल्या, पण भूमध्य समुद्राभोवतीच्या शिखरांवर त्या वाढल्या नाहीत किंवा घटल्या. तिथल्या कित्येक जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.