घटस्फोट झाला, राज्यही बदललं. विल, ट्रस्ट आणि ४०१के मधली नावं आपोआप बदलतात का?

तुमची माहिती थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. २०१५ मध्ये न्यू जर्सीत विल आणि ट्रस्ट (नेमलेल्या माणसाने वारसांसाठी पैसे सांभाळायची व्यवस्था) केला. २०२२ मध्ये घटस्फोट झाला. आता नोकरीमुळे टेक्सासमध्ये ऑस्टिनला आहात, मुलगा १२ वर्षांचा आहे आणि पुढच्या वर्षी पुन्हा लग्न करताय. मित्रांचं म्हणणं असं की राज्यांनी कायदे सुधारलेत, घटस्फोट झाला की आधीच्या बायकोचं नाव आपसूक रद्द होतं, तेव्हा उगाच धावपळ कशाला?

मित्रांचं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात मात्र तुमचे बहुतेक पैसे अडकलेले असणार.

मी वकील नाही. न्यू जर्सीत लोकांचे टॅक्स रिटर्न भरतो, त्यामुळे माणूस गेल्यावर निघणारी कागदपत्रं बरीच पाहायला मिळतात.

आधी बरोबर काय ते सांगतो. न्यू जर्सी आणि टेक्सास, दोन्हीकडे असा कायदा आहे की घटस्फोटानंतर विलमध्ये किंवा आयआरएवर (स्वतः उघडलेलं निवृत्तीचं खातं) पूर्वीच्या जोडीदाराचं नाव राहिलं असलं तरी ते धरायचं नाही. मिनेसोटाने असाच कायदा जुन्या विमा पॉलिसींनाही लावला, त्यावर थेट सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं आणि २०१८ मध्ये कोर्टाने तो कायदा उचलून धरला. तरी एक गोम आहे. घटस्फोटाची लेखी खबर मिळायच्या आत आयआरए सांभाळणाऱ्या कंपनीने जुन्या नावावर पैसे देऊन टाकले, तर तिच्यावर दोष येत नाही. मग तुमच्या मुलाने आपल्या आईकडूनच ते वसूल करायचे! कायदा बाजूने असून हा प्रसंग कोणावर येऊ नये.

आता ४०१के. हा नोकरीतला निवृत्तीच्या बचतीचा प्लॅन, म्हणून त्यावर १९७४ चा एरिसा हा केंद्रीय कायदा चालतो आणि राज्याचा कायदा तिथे पोचतच नाही. बोइंगमध्ये काम करणारे एगेलहॉफ १९९४ मध्ये घटस्फोटानंतर दोनेक महिन्यांत अपघातानंतर वारले. पेन्शन आणि विम्याच्या कागदांवर आधीच्या पत्नीचंच नाव होतं. वॉशिंग्टन राज्याचा कायदा मुलांच्या बाजूने होता, तरी २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्लॅनच्या कागदावर जे नाव आहे तेच चालेल. २००९ चा केनेडी खटला तर तुमच्या टेक्सासचाच. ड्युपाँटमधल्या केनेडींच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात पत्नीने या पैशांवरचा हक्क सोडल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. फॉर्म मात्र बदलायचा राहिला. सुमारे ४ लाख डॉलर तिलाच मिळाले, मुलीला नाहीत, आणि प्लॅनने केलं ते बरोबरच, असं कोर्ट म्हणालं.

आपल्या लोकांची इथे आणखी एक गफलत होते. भारतात नॉमिनी हा पैसे ताब्यात घेऊन वारसांना देणारा, मालक नव्हे. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबाबत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. तोच हिशेब डोक्यात ठेवून लोक इकडचे फॉर्म भरतात. इकडे ज्याचं नाव फॉर्मवर, त्याचे पैसे. विलमध्ये काहीही लिहिलेलं असो, ४०१के आणि आयआरए विलमधून जातच नाहीत.

तेव्हा फॉर्म आजच बदला. पण मुलाचं नाव थेट टाकू नका. तो सज्ञान होईपर्यंत पैसे सांभाळायला कोणीतरी लागेल आणि कोर्टापुढे त्याची आईच उभी राहण्याची शक्यता जास्त. त्याच्यासाठीच्या ट्रस्टचं नाव टाका.

लग्नानंतर चित्र पुन्हा पालटतं. एरिसानुसार ४०१के ची वारस नवी पत्नी होते, फॉर्मवर ट्रस्टचं नाव असलं तरी. काही प्लॅन लग्नाला एक वर्ष झाल्याची अट घालतात, एवढंच. मुलासाठी वाटा ठेवायचा तर तिची लेखी संमती लागते, नोटरीसमोर किंवा प्लॅनच्या प्रतिनिधीसमोर. आणि लग्नाआधीच्या करारात तिने सही केली असेल तर ती यासाठी चालत नाही, कारण हा हक्क पत्नीच सोडू शकते आणि त्या दिवशी ती पत्नी नसते. लग्नानंतर पुन्हा सही घ्यावी लागते. (हे बोलायला अवघड जातं, मान्य. तरी लग्नाआधीच बोलून ठेवा.) न्यू जर्सीच्या जुन्या कंपनीतला ४०१के अजून तिथेच असेल, तर तो लग्नाआधी आयआरएमध्ये वळवायचा का, हे वकिलाला जरूर विचारा. आयआरएला एरिसाची ही अट नाही. मात्र टेक्सासमध्ये लग्नानंतरची कमाई दोघांची धरतात, म्हणून लग्नानंतरचे पैसे त्याच खात्यात मिसळू नका.

विलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोन साक्षीदारांसमोर नीट केलेलं न्यू जर्सीचं विल टेक्सासमध्ये चालतं. पण घटस्फोट आणि नवं लग्न पाहता नवीनच करा.

ट्रस्ट मात्र नीट वाचून घ्या, कारण २०१५ नंतर त्याच्या पायाखालची जमीन सरकली आहे. तेव्हा वारसाला आयआरए आयुष्यभर थोडी थोडी काढता यायची. म्हणून बऱ्याच ट्रस्टमध्ये असं कलम असायचं की दरवर्षी सक्तीने काढावी लागेल तेवढीच रक्कम मुलाच्या हाती द्यायची. २०२० पासून लागू झालेल्या सिक्युअर कायद्याने आयुष्यभराची सोय बहुतेकांसाठी बंद केली. तुमच्या मुलाला २१ पूर्ण होईपर्यंत जुन्या पद्धतीने मिळेल, पुढच्या १० वर्षांत खातं रिकामं. म्हणजे ते कलम तसंच राहिलं तर ३१ व्या वर्षापर्यंत सगळी रक्कम त्याच्या हातात. तुम्हाला तेच हवं असेल तर प्रश्न नाही. पैसे ट्रस्टमध्येच अडवून ठेवायचे म्हटलं तर करात फटका बसतो: २०२५ मध्ये ट्रस्टला १५,६५० डॉलरच्या वरच्या उत्पन्नावरच ३७ टक्के लागत होते. तुमचा ट्रस्ट हयातीत बदलता येणारा असेल, तर साध्या दुरुस्तीपत्राने कलम बदलता येईल.

फॉर्म ऑनलाइन बदललात तरी पुष्टीचा कागद छापून ठेवा. कंपनी ४०१के सांभाळणारी संस्था बदलते तेव्हा जुनी नावं नव्या ठिकाणी जातीलच असं नसतं.