ओव्हर चुकवू नकोस

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

काल तुझी आई भरताची वांगी देऊन गेली. बोलता बोलता म्हणाली, पोरगी सोमवारपासून जळगावला दवाखान्यात वॉर्डात मदतनीस म्हणून लागतेय, सायकलनं जाणार म्हणते, तुम्ही जरा समजावून सांगा. तोंडी सांगितलं तर तू हो हो म्हणशील आणि निम्मं विसरशील. म्हणून लिहूनच देते.

आधी माझी फजिती ऐक. नोकरीचं पहिलं वर्ष. तेव्हा मीही गिरणा नदीपलीकडून सायकलनंच यायचे. एका सकाळी बांभोरीचा पूल संपतो न संपतो तोच मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. पंक्चरवाल्याचं दुकान अजून उघडलेलं नव्हतं. सायकल ढकलत ढकलत पोचले तेव्हा साडेआठ झाले होते आणि ड्युटी आठची. ओव्हर होऊन गेलेली. रात्रीच्या सिस्टर सकाळच्या सिस्टरांना खाटेखाटेशी उभं राहून पेशंटचं सांगतात, त्याला ओव्हर म्हणतात, ते तुला कळेलच. मी तशीच धापा टाकत अ‍ॅप्रन चढवला आणि कामाला भिडले. सहा नंबरची म्हातारी म्हणाली, "माय, घसा सुकना, घोटभर चहा दे." सुनेनं थर्मास आणलेलाच होता. मी म्हातारीला पाठीशी उशी देऊन बसवलं आणि कप तोंडाला लावला.

दहा वाजता तिचं हर्नियाचं ऑपरेशन होतं.

रात्रीपासून उपाशी ठेवायचं, हे ओव्हरला सांगून झालं होतं. खाटेवर तशी पाटी मात्र नव्हती. दुधाचा चहा पोटात गेला की भूल द्यायला सहा तास थांबावं लागतं. नाहीतर गुंगीत पोटातलं वर येऊन फुफ्फुसात उतरतं आणि जिवावर बेततं. चहा दिल्याचं मी लगेच सिस्टरांना सांगितलं, त्या दिवशी तेवढं एकच माझ्या हातून बरोबर झालं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. कापूस वेचणीचे दिवस. म्हातारीच्या मुलाची आणखी एक मजुरी बुडाली. तो मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

म्हणून सायकलचं पहिलं सांगते. ड्युटी आठची असेल तर साडेसातला तू दवाखान्याच्या आवारात हवीस. नऊ-दहा किलोमीटरला पाऊण तास लागेल, एका पंक्चरचा वेळ त्यात वेगळा धर. पिशवीत हातपंप, पंक्चरचं सामान आणि एक जुनी ट्यूब ठेव. पंक्चर काढायला भावाकडून या रविवारीच शीक, आणि तो करील नि तू बघशील असं नको, तू स्वतः काढ. ओढणी चेनमध्ये जाते. गाठ मारून कमरेला खोच, किंवा ओढणीच नको. युनिफॉर्म घालून सायकलवर बसायचं नाही, तो घडी करून पिशवीत. रस्त्याची धूळ वॉर्डात नको आणि वॉर्डातलं घरी नको. पोचल्यावर तोंड-हात धुऊन पाणी पी, पाच मिनिटं बस, मग बदल.

सकाळी तू उगवतीकडे तोंड करून येणार. ऊन तुझ्या डोळ्यात, तसंच मागून येणाऱ्या केळीच्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यात. तू त्याला दिसत नाहीस, असं धरूनच चाल. चटकदार रंगाचा शर्ट घाल, मागे लाल दिवा लाव, तो दिवसाही चालू ठेव. डांबर सोडून कडेच्या मातीवर उतरायला लाज वाटू देऊ नकोस. दोनला सुटलीस की उन्हाळ्यात मावळतीचा गरम वारा सरळ तोंडावर येतो, परतीची वाट दुप्पट लांब वाटते. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे पारा जातो. डोकं-कान बांध. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ती बाटली सोबत ठेव. खिशातल्या कांद्यानं ऊन लागायचं थांबत नाही, तो भाकरीबरोबर खा. चक्कर आली, मळमळलं, की झाडाखाली उतर. आणि रात्रपाळी करून सायकलवर बसू नकोस, हे माझं ऐकच. सायकल स्टँडवर राहू दे, रिक्षानं किंवा एसटीनं ये. आमच्यातली एक झोपेच्या डोळ्यांनी सरळ चारीत गेली होती. मनगटावर भागलं, नशीब तिचं.

आता वॉर्डाचं. पहिले पंधरा दिवस तुला वाटेल, आपण फक्त बेडपॅन उचलायला आलोय. उचल. पण उचलताना बघ. लघवी किती, रंग कसला, शौचाला काळं तर नाही ना. डॉक्टर राउंडला दोन मिनिटं थांबतात. पेशंटचं उघडं अंग रोज तुझ्याच डोळ्यांखालून जाणार आहे. पडून असलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, आणि बदलताना माकडहाड, टाचा, कोपर, कानाची पाळी बघायची. लाल चट्टा दिसला की बोटानं दाब. बोट काढल्यावरही लालच राहिला, तर बेडसोरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. तिथं चोळायचं नाही. नातेवाईक तेल आणतील, चोळा म्हणतील, तरी नाही. सिस्टरांना दाखवायचं. युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, नेहमी पेशंटच्या कमरेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. स्ट्रेचरवर घेताना ती पेशंटच्या पोटावर ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यानं लघवी उलटी आत जाते.

म्हातारी माणसं डॉक्टरपुढे शुद्ध मराठी बोलायला जातात आणि सांगायचं ते राहून जातं. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले की मग तुला हळूच म्हणतील, "माले कसंतरी व्हस." हे शब्द हलके घेऊ नकोस. नाडी बघ, हात गार आहे का, घाम आहे का बघ, आणि जाऊन सांग. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला साठ ते शंभर. श्वास बारा ते वीस. श्वास मोजताना पेशंटला कळू द्यायचं नाही, कळलं की तो मुद्दाम घेतो. मी मनगट धरून नाडी बघतेय असं दाखवायचे आणि छाती मोजायचे. तुला अहिराणी येते, तिथं त्याची किंमत फार आहे. एखाद्या पेशंटचं बोलणं नवीन डॉक्टरांना कळत नसेल तर पुढे होऊन सांग.

सुया. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, ती पांढऱ्या डब्यात. ड्रेसिंगचा कापूस पिवळ्यात, नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, काचेच्या बाटल्या निळ्यात. सुई टोचलीच तर बोट पिळत बसू नकोस, तोंडात तर मुळीच घालू नकोस. वाहत्या पाण्याखाली साबणानं धू आणि तिथल्या तिथे सांग. एचआयव्हीपासून वाचायचं औषध जितकं लवकर तितकं चांगलं, बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. रागावतील म्हणून लपवणाऱ्या मी पाहिल्यात. काविळीची, हिपॅटायटिस बीची लस घेतली नसशील तर आत्ताच सुरू कर, तीन डोस आहेत आणि पूर्ण व्हायला सहा महिने जातात. हातात बांगड्या नकोत, नखं बारीक. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, हौसेनं भर, ड्युटीवर उतरव.

एकटीनं पेशंट उचलू नकोस. माझी कंबर त्यातच गेली. दुसरी येईपर्यंत पेशंट दोन मिनिटं ओला राहिला तर राहू दे.

इंजेक्शन देशील का, असं कुणी ना कुणी तुला विचारेलच, खासगीत तर नक्की. स्टाफ कमी असला की सगळेच गोड बोलतात. तुझं ते काम नाही, तुझी नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी नाही. मला शिकवलेलं नाही, म्हणून हात जोड. दहा वर्षं वॉर्डात काढली म्हणून कुणी सिस्टर होत नाही. व्हायचं असेल तर नर्सिंगचे कोर्स आहेत, एएनएमला दोन वर्षं लागतात, जीएनएमला तीन. एक वर्ष काम कर, जमतंय का बघ, मग आपण फॉर्मचं बोलू. तुझ्या आईशी मी बोलेन.

आणि घरी येताना पारावर अडवतील. कोण अ‍ॅडमिट आहे गं, त्याला काय झालंय, तिचं पोट खरंच गाठीचं का. सायकल थांबवूच नकोस. थांबलीस तर, मी तर फरशी पुसते, मला काय कळतंय, असं सांग. मी एकवीस वर्षं हेच सांगत आले. अजून अर्ध्या गावाला वाटतं मी फरशीच पुसायचे.

रविवारी सकाळी सायकल घेऊन ये. माझा पंप चांगला आहे, तो तुला देते. वांगी भाजून ठेवते, कळण्याची भाकरी तू आण.

तुझी,
मावशी