वाचकांचे प्रश्न : डिव्हाइस ट्रीत घोळ कुठे होतो?

प्रश्न : रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला डीएस३२३१ घड्याळाचे मॉड्यूल जोडले आहे. आयटूसी-डिटेक्ट (आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवरच्या चिप शोधणारी आज्ञा) चालवले की हेक्स (सोळा-आधारी) ६८ हा पत्ता दिसतो. ओव्हरले (डिव्हाइस ट्रीला, म्हणजे लिनक्सला हार्डवेअर सांगणाऱ्या वर्णनाला, जोडायचा तुकडा) स्वतः लिहिला. डीटीसी या डिव्हाइस ट्री कंपायलरने तो बिनतक्रार कंपाइल केला. तरी आरटीसी० हे घड्याळाचे डिव्हाइस काही तयार होत नाही. का?

उत्तर : पत्ता दिसतो म्हणजे वायरी बरोबर आहेत, इतकेच. यूएसबी किंवा पीसीआयवरचे उपकरण विचारल्यावर आपली ओळख सांगते. आयटूसीवरच्या चिपकडे तशी सोयच नाही. कोणती चिप, कोणत्या बसवर (सामायिक तारांवर), कोणत्या पत्त्यावर, हे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) डिव्हाइस ट्रीतूनच सांगावे लागते. आणि डीटीसीला तुमचा बोर्ड दिसत नाही, तेव्हा त्याच्या गप्प बसण्यावर विसंबू नका.

आधी प्रॉकमधल्या डिव्हाइस-ट्री फोल्डरात आपला नोड (चिपची नोंद) शोधा. नसेल तर ओव्हरले चढलेलाच नाही : कॉन्फिग फाइलमध्ये नाव चुकले असेल, किंवा जुन्या जागेतली फाइल बदलली असेल. रास्पबेरी पाय ओएसच्या २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून ही कॉन्फिग फाइल बूटमधल्या फर्मवेअर फोल्डरात असते.

नोड सापडला तर ‘रेग’ (पत्ता लिहायची प्रॉपर्टी) पाहा. तिथे नुसते ६८ लिहिले असेल तर चूक सापडलीच. डीटीसी तो आकडा दशमान धरते आणि दशमान ६८ म्हणजे हेक्स ४४. नोडच्या नावात ‘अॅट’ चिन्हापुढे ०एक्स लावायचे नसते, रेगमध्ये मात्र लावावेच लागते. इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) १-००४४ (बस १, पत्ता ४४) हे नाव आणि उणे १२१ ही चूक दिसली तर दुसरीकडे शोधू नका.

रेग बरोबर असेल तर ‘कम्पॅटिबल’ (ड्रायव्हर ज्यावरून जुळतो ते नाव) तपासा : ‘मॅक्सिम,डीएस३२३१’, सगळी लहान लिपीतली अक्षरे, स्वल्पविरामानंतर मोकळी जागा नाही. ड्रायव्हर डीएस१३०७ च्या नावाने आहे, त्यामुळे मॉड्यूलच्या यादीत ३२३१ शोधून मिळणार नाही. शिवाय आयटूसी१ या बसचा ‘स्टेटस’ डिसेबल्ड असेल तर आतल्या नोडला कोणी विचारतच नाही. सगळे जमले की स्कॅनमध्ये ६८ च्या जागी यूयू दिसते, म्हणजे तो पत्ता ड्रायव्हरने घेतला.

खरे तर या चिपसाठी आयटूसी-आरटीसी हा तयार ओव्हरले मिळतो; स्वतः लिहिणे शिकण्यापुरते ठीक. मॉड्यूलला वीज ३.३ व्होल्टच्या पिनवरूनच द्या. त्यावरचे पुल-अप रेझिस्टर (तार वरच्या पातळीला ओढून धरणारे) सहसा व्हीसीसीला, म्हणजे वीज येते त्या पिनला, जोडलेले असतात. ५ व्होल्ट दिले तर तेच पायच्या ३.३ व्होल्टच्या पिनांवर चढतात.

प्रश्न : जीपीआयओ १७ या पिनवर बटण लावले, दुसरे टोक ग्राउंडला. नोडमध्ये ‘जीपीआयओज’ आणि ‘इंटरप्ट्स’ या दोन्ही ठिकाणी शेवटचा आकडा १ दिला. बटण सोडल्यावर इंटरप्ट (कर्नलला पिनकडून मिळणारी सूचना) येतो, दाबल्यावर नाही.

उत्तर : तोच १, पण तक्ते दोन. ‘जीपीआयओज’ प्रॉपर्टीत १ म्हणजे पातळी खाली गेली की बटण दाबले असे धरणे, आणि ग्राउंडला जोडलेल्या बटणाला ते योग्यच आहे. ‘इंटरप्ट्स’मध्ये मात्र १ म्हणजे सिग्नल वर जातानाची कड. तुम्हाला खाली येतानाची हवी, म्हणजे २. दोन्ही कडांसाठी ३. पातळीवर चालवायचे तर उंच पातळीला ४, खालच्या पातळीला ८. आकडे लिहिण्यापेक्षा कर्नलच्या हेडर फाइलमधली नावे वापरा, म्हणजे महिन्यानंतर स्वतःलाच कोडे पडणार नाही. पुल-अपही चालू करा, नाहीतर बटण सोडल्यावर पिन खात्रीने वर राहत नाही.

प्रश्न : त्याच आयटूसी बसवर डीएस३२३१ आणि एमपीयू६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सर, दोन्ही चालतील?

उत्तर : जसेच्या तसे नाही, दोघांचाही पत्ता हेक्स ६८. तसेच नोड लिहिले तर कर्नल दुसऱ्याची नोंदणी उणे १६ (पत्ता आधीच वापरात) देऊन नाकारतो. एमपीयूची एडी० पिन ३.३ व्होल्टला जोडा, पत्ता ६९ होतो. मग नोडचे नाव आणि रेग, दोन्ही बदला.