प्रश्न तुमचे: ऑनलाइन छोट्या जाहिराती

प्रश्न : कराडमध्ये माझे शिलाई मशीन दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. जुनी पायमशीन घेऊन, दुरुस्त करून विकण्याचा जोडधंदाही मी करतो. मुलाच्या सांगण्यावरून ओएलएक्सवर आणि फेसबुक मार्केटप्लेसवर जाहिराती दिल्या. फोन पुष्कळ येतात, पण बहुतेक जण किंमत विचारून फोन ठेवतात. दोन महिन्यांत एकच मशीन विकले गेले. या जाहिराती आमच्यासारख्यांच्या उपयोगाच्या आहेत का?

उत्तर : आपण जाहिरातीची प्रतही सोबत पाठवली, हे बरे झाले. तीत एवढाच मजकूर आहे : ‘जुने शिलाई मशीन विकणे आहे. उत्तम स्थिती. संपर्क साधा.’ ही भाषा वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींची आहे. तिथे शब्दांवर किंवा ओळींवर पैसे मोजावे लागत, म्हणून माणसे तारेसारखी लिहीत. ऑनलाइन जाहिरातीत शब्दांना पैसे पडत नाहीत, तरी हाताची सवय जात नाही. परिणामी जे जाहिरातीत लिहायचे ते आपण दिवसभर फोनवर सांगत बसता. किंमत न छापल्यामुळे जो फोन येतो तो ग्राहकाचा कमी आणि चौकशीचाच अधिक असतो.

दुकानात गिऱ्हाईक मशीनपाशी उभे राहिले की काय करते, ते आठवून पाहावे. ते चाक हाताने फिरवून पाहते, पायडल दाबते, बॉबिन केस काढून बघते आणि शेवटी चिंधी मागून चार टाके घालते. जाहिरातीने नेमके एवढेच करून दाखवायला हवे. कोऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यावर सरळ टीप घालून तिचा पुढून आणि मागून असे दोन फोटो द्यावेत, कारण खालचा दोरा सैल पडतो की नाही हे शिवणाऱ्या बाईला मागची बाजू पाहिल्याबरोबर कळते. मशीनचा फोटो दिवसाउजेडी, दाराजवळ घ्यावा. पत्र्यावरचा पोपडा किंवा फळीची फुगलेली कड झाकू नये. दोष आधीच दिसला तर घरी आलेला माणूस त्यावरून घासाघीस करीत नाही. पट्टा, शटल, सुई यांपैकी काय नवे घातले, स्टँड मूळचे आहे की बदललेले, मोटार बसवता येईल का, दुरुस्तीची हमी किती महिन्यांची, हे सारे लिहावे आणि किंमत स्पष्ट आकड्यात द्यावी. थोडी घासाघीस होणार हे धरूनच ती ठरवावी, मात्र ‘किंमत फोनवर’ असे लिहू नये.

शीर्षकाबद्दल एक गोष्ट. शोधणारा माणूस त्याच्या मनातले शब्द टाइप करतो, आपले नव्हे. आपल्याकडे कोणी ‘पायमशीन’ म्हणतो, कोणी ‘शिलाई मशीन’, कोणी नुसते कंपनीचे नाव टाकतो, आणि पुष्कळ जण हेच शब्द रोमन लिपीत लिहितात. म्हणून शीर्षकात कंपनी, प्रकार आणि गाव यावे, आणि मजकुरात देवनागरीबरोबर रोमन लिपीतलेही शब्द असावेत. एकच जाहिरात सातारा, सांगली, कोल्हापूर अशी तीन ठिकाणी चिकटवण्याचा मोह मात्र टाळावा. ही संकेतस्थळे एकसारख्या जाहिराती काढून टाकतात, शिवाय एवढे जड मशीन न्यायला तिकडून टेम्पो करून कितीसे लोक येणार?

माझ्या मते आपला खरा फायदा विक्रीपेक्षा दुरुस्तीत आहे. मशीन एकदा विकले की तो व्यवहार संपतो, पण दुरुस्तीचे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे येते. म्हणून सेवांच्या विभागात ‘घरी येऊन शिलाई मशीन दुरुस्ती’ अशी वेगळी जाहिरात द्यावी आणि तीत भेटीचे शुल्क किती, कोणत्या भागात येता, हे सांगावे. गूगलवर दुकानाची नोंद मोफत करता येते, तीही करून घ्यावी. प्रत्येक फोनवर ‘आमचा पत्ता कुठून मिळाला?’ एवढे विचारून वहीत टिपावे. दोन महिन्यांनी त्या वहीवरूनच कोणती जाहिरात ठेवायची ते ठरेल. पैसे देऊन जाहिरात वर आणण्याचा विचार त्यानंतर.

आता सावधगिरीचे. मशीन न पाहता, घासाघीस न करता ‘मी लष्करात आहे, आत्ताच पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे म्हणणारा ग्राहक भेटला तर फोन ठेवावा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही; पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. ‘चुकून जास्त पैसे पाठवले, परत करा’ ही दुसरी तऱ्हा. तेव्हा मोबाइलवर आलेल्या संदेशावर न विसंबता खात्यातली शिल्लक पाहावी. फसवणूक झालीच तर त्याच घटकेला 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी ती गोठवण्याची शक्यता असते. जुनी मशीन विकत घेताना आपणही विकणाऱ्याचे नाव, पत्ता आणि सही वहीत घ्यावी. चोरीचा माल निघाला तर ती वहीच कामी येते.

प्रश्न : मी घरगुती डबे पुरवते. एका व्यवसाय-सूचीवाल्या संकेतस्थळाकडून ‘वर्षाचे पॅकेज घ्या, रोज ग्राहक मिळवून देऊ’ असे फोन येतात. घ्यावे का?

उत्तर : तूर्त घेऊ नये. आपण रोज किती डबे वाढवू शकता, हा आकडा आधी काढावा. तो दहा-बाराच असेल तर आजूबाजूच्या वसतिगृहांपाशी आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतच तेवढी गिऱ्हाइके मिळतील. मोफत नोंद जरूर करावी, तीत आठवड्याचा मेनू, डब्याचा दर आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक द्यावा. पॅकेज घ्यायचेच झाले तर वर्षाचे न घेता कमीत कमी मुदतीचे मागावे आणि तोंडी दिलेला शब्द लेखी घ्यावा. फोनवरचा मुलगा लेखी द्यायला टाळाटाळ करू लागला, तर तेवढ्यावरच निर्णय करावा.