साक्षीत न आलेले महिने

“देव बदलत नाही, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आले. मग माझ्याच बाबतीत तो बदलल्यासारखा का वाटतोय?”

हा प्रश्न माझ्याकडे शब्द बदलून सतत येतो, आणि विचारणारे बहुतेक जण सेवेत मुरलेले असतात. नव्याने विश्वासात आलेल्या माणसाने शंका बोलून दाखवली, तर मंडळी (चर्च) त्याला सांभाळून घेते. पण ज्याने रविवारमागून रविवार व्यासपीठावरून ‘परमेश्वर विश्वासू आहे’ म्हटलं, त्याला ती मुभा नसते. त्यामुळे पाळक, पाळकांच्या पत्नी, मुलांची वसतिगृहं चालवणारे हा प्रश्न फार उशिरा विचारतात, आणि तोही दार लावून घेतल्यावर.

वरचं वाक्य एका ताईंचं आहे. त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ही हकिगत सांगते.

ताई आणि त्यांचे यजमान यांनी मिळून अनाथ मुलांसाठी एक घर सुरू केलं आणि पुष्कळ वर्षं चालवलं. यजमान काही वर्षांपूर्वी प्रभूकडे गेले. त्यानंतर देणगीदार एकेक करून कमी झाले, हाताखाली तयार केलेला तरुण दुसरीकडे नोकरीला लागला, आणि विश्वस्त ‘पुढची व्यवस्था’ असं काहीतरी बोलू लागले. ताईंना पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या, “पूर्वी आम्ही मागायचो आणि मिळायचं. प्रभू जवळ होता. आता मी मागते तर छताला लागून शब्द परत येतात. पुढचा तर विचारच नको.”

अशा वेळी लोक बायबलचं वचन हातात ठेवतात. इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायातलं आठवं वचन, ‘येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग सारखाच आहे’, हे त्यांना तोवर कितीतरी जणांनी ऐकवलं होतं. खुद्द त्यांच्या कार्यालयाच्या भिंतीवर ते फ्रेम करून लावलेलं होतं. ज्याला ते पाठ आहे त्याला ते पुन्हा ऐकवलं की त्याचा अर्थ एवढाच उरतो: तुझ्यातच काहीतरी कमी आहे. मी पहिल्या भेटीत वचन दिलं नाही. झोप, भूक, वजन यांची चौकशी केली आणि त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणी झाली, उपचार सुरू झाले. नैराश्यावर औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडला, ही समजूत मंडळ्यांमध्ये अजून घट्ट आहे आणि तिने पुष्कळ सेवकांचं नुकसान केलं आहे. बायबलमधला संदेष्टा एलीया मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उठवून खायला घातलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. देवाशी बोलणं नंतर होरेब डोंगरावर झालं.

थोडी झोप लागू लागल्यावर मी त्यांना विचारलं, “पूर्वीचं म्हणजे नेमकं कधीचं?”

त्यांनी लगेच मुलींच्या खोलीच्या छपराची गोष्ट सांगितली. ती त्यांची ठरलेली साक्ष होती, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणारी, अनेक सभांमध्ये दिलेली. छप्पर गळत होतं, काम अर्धवट राहिलं होतं, पैसे संपले होते. दोघांनी गुडघे टेकले, आणि एका अनोळखी कुटुंबाकडून जवळजवळ तेवढीच रक्कम आली. सांगताना त्यांचा आवाज बदलला. शेकडो वेळा सांगितलेल्या गोष्टीला येते तशी एक लय त्याला होती.

घरात त्या काळची प्रार्थनेची वही होती. मी ती घेऊन यायला सांगितलं.

तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं रजिस्टर होतं. पट्टीने आखलेले तीन रकाने: तारीख, विनंती, उत्तर. विनंती निळ्या शाईत, बहुतेक यजमानांच्या हातची. उत्तर लाल शाईत, ताईंच्या हातचं. छपराची विनंती फेब्रुवारीत पहिल्यांदा लिहिलेली होती. मग मार्चमध्ये, एप्रिलमध्ये दोनदा. जूनमध्ये ‘छप्पर’ एवढा एकच शब्द. लाल शाईतली नोंद नोव्हेंबरची होती. आणि मधे मे महिन्यातल्या एका तारखेसमोर, विनंतीच्या रकान्यात, यजमानांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘आज प्रार्थना करवत नाही.’

ताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्या रागावल्या. मला वाटलं होतं, रडतील. “मला एका शब्दाने बोलले नाहीत! रोज पहाटे मोठ्याने प्रार्थना म्हणायचे आणि इथे हे लिहून ठेवायचे?”

तो राग पुढच्या काही भेटींमध्ये पुरला, आणि तो मला महत्त्वाचा वाटला. कारण ‘तेव्हा प्रभू जवळ होता’ असं त्या म्हणत, त्यातला मोठा भाग यजमानांच्या पहाटेच्या आवाजाचा होता. तो आवाज ऐकू आला की सगळं ठीक आहे असं त्यांना वाटे. आवाज थांबला आणि देवच गप्प झाला असं वाटू लागलं. वैधव्याचं दुःख आणि विश्वासाचं संकट यांची अशी गुंतागुंत सेवेतल्या जोडप्यांमध्ये फार दिसते. दुःखाला दुःख म्हणून रडायला जागा मिळाली नाही की ते शंकेचे कपडे घालून येतं. (आणि सेवकाच्या घरी शोक करायला किती दिवस मिळतात, हे मंडळीने स्वतःला विचारून पाहावं.)

इब्री पत्रातलं ते वचन एकटं फ्रेममध्ये लावलं की त्याच्या आधीचं वचन दिसत नाही. सातव्या वचनात, ज्यांनी तुम्हांला देवाचं वचन सांगितलं त्या पुढाऱ्यांची आठवण ठेवा, त्यांच्या आयुष्याचा शेवट पाहा आणि त्यांच्या विश्वासाचं अनुकरण करा, असं सांगितलं आहे. म्हणजे ज्यांना ते पत्र आलं त्यांचेही मोठे आवाज थांबलेले होते. आठवं वचन त्या रिकाम्या जागेशेजारी लिहिलेलं आहे. हे मी ताईंना सांगितलं ते वहीनंतर. तेव्हा त्यांनी ते ऐकून घेतलं.

पण माझ्या मते खरी गाठ साक्षीत होती. साक्ष देणं चांगलंच, मंडळी त्यावर उभी राहते. मात्र साक्षीची एक रीत ठरून गेलेली आहे: अडचण, प्रार्थना, उत्तर. फेब्रुवारी ते नोव्हेंबर हा काळ ‘आम्ही गुडघे टेकले आणि’ यातल्या ‘आणि’मध्ये बसवला जातो. पुन्हा पुन्हा सांगून सांगणाऱ्यालाही मग मधले महिने आठवेनासे होतात. पुढे कधी तो पुन्हा अशाच एखाद्या मे महिन्यात सापडला की म्हणतो, पूर्वी असं नव्हतं. आजचं वाट पाहणं तो कालच्या साक्षीला लावून मोजतो, आणि आज हरतो. कालचं वाट पाहणं आजच्या शेजारी ठेवलं तर दोन्ही एकाच मापाची निघतात. ताई त्या वर्षी जितक्या घाबरल्या होत्या तितक्याच आत्ता घाबरलेल्या होत्या.

पवित्र शास्त्र असं कापत नाही. ‘येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले आहे’ म्हणून शमुवेलाने एबन-एजरचा दगड उभा केला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण शमुवेलाच्या त्याच पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात इस्राएलाने एबन-एजर इथेच तळ दिला होता, लढाई हरली होती आणि शत्रू पलिष्ट्यांनी कराराचा कोश, म्हणजे देवाच्या सान्निध्याची खूण असलेली पेटी, नेला होता. कोश पुढे परत आला, पण लोक वीस वर्षं शोक करत राहिले, हेही सातव्या अध्यायात लिहिलेलं आहे. दगड त्यानंतरचा.

मिशनरींची चरित्रं मात्र बरीच कापली जातात. अदोनीराम जडसन १८१३ मध्ये ब्रह्मदेशात पोचले, १८१९ मध्ये पहिला बाप्तिस्मा झाला, १८३४ मध्ये बर्मी बायबलचं भाषांतर पुरं झालं, असं सांगितलं जातं. मधल्या काळात त्यांनी युद्धामुळे तुरुंगवास भोगला, १८२६ मध्ये पत्नी अ‍ॅन गेली, काही महिन्यांनी लहानगी मुलगीही गेली. त्यानंतर ते जंगलात झोपडी बांधून एकटे राहू लागले. स्वतःसाठी थडगं खणून त्याच्या काठाशी बसत. देवावर विश्वास आहे, पण तो सापडत नाही, अशी त्यांची अवस्था होती. हे मी ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “मग बाहेर कसे आले?” एका दिवसात नाही, हळूहळू, असं उत्तर मी दिलं. चटकन सांगता येईल असा एकच प्रसंग त्यात नाही.

वहीत आणखी एक गोष्ट होती, जिच्याबद्दल ताई स्वतःहून बोलल्या. उत्तराचे कितीतरी रकाने कोरे होते. घरातून पळून गेलेला एक मुलगा, ज्याचा पुढे पत्ताच लागला नाही. एका मुलीचा आजार. “ह्यांचं काय?” त्यांनी विचारलं. मी उत्तर बनवलं नाही. प्रेषित पौलाचं एक वाक्य दाखवलं, आपल्या सोबत्याबद्दलचं, जे कुणी फ्रेम करत नाही: त्रफिमाला मी मिलेत इथे आजारी ठेवून आलो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस आहे ते. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन इफिसात आजारी बरे झाले, तोच हा पौल. त्याच अध्यायात तो लिहितो की पहिल्या जबाबाच्या वेळी सगळ्यांनी मला सोडलं, पण प्रभू माझ्याजवळ उभा राहिला. कोरा रकाना आणि जवळ उभा असलेला प्रभू, दोन्ही एकाच पानावर. ताईंनी ते मान्य केलं असं मी म्हणणार नाही. त्या म्हणाल्या, “म्हणजे पौलाचीही वही कोरी होती थोडी,” आणि विषय बदलला.

भविष्याची भीती वेगळी हाताळावी लागते, कारण तिच्यात अध्यात्माइतकाच व्यवहार असतो. ‘मी गेल्यावर ह्या घराचं काय?’ आणि ‘मी म्हातारपणी राहू कुठे?’ हे दोन प्रश्न त्यांच्या मनात एकच झाले होते. ते आम्ही वेगळे काढले.

पहिल्यासाठी यहोशवाचा पहिला अध्याय वाचला. ‘जसा मी मोशेबरोबर होतो तसाच तुझ्याबरोबरही असेन’ हे वचन मोशेला दिलेलं नाही, त्याच्यानंतरच्याला दिलेलं आहे. मोशे नदीच्या अलीकडेच राहिला. देव तोच राहतो म्हणजे माझं पद तसंच राहील किंवा संस्था जशीच्या तशी चालेल असा अर्थ नाही. बऱ्याच संस्थापकांना हे जड जातं आणि ते देवाच्या नावावर खुर्ची धरून बसतात. ताईंना ते लागलं असावं. त्या दिवशी जाताना फारसं बोलल्या नाहीत. पुढच्या भेटीत म्हणाल्या, “त्या नोकरीला गेलेल्या मुलाला मी कधी हिशेबाची वही पाहू दिली नव्हती.”

दुसऱ्या प्रश्नाला वचन पुरत नाही, कागद लागतो. आयुष्य वेचलेल्या सेविकेच्या निवाऱ्याची आणि औषधपाण्याची सोय लेखी करणं ही विश्वस्तांची जबाबदारी आहे. ते ‘प्रभू पुरवील’ म्हणून टाळणं हा विश्वास नव्हे. आम्ही मिळून पत्राचा मसुदा केला.

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला पौल आशियातल्या एका संकटाबद्दल लिहितो. जगण्याचीही आशा उरली नव्हती, असं त्याने झाकून न ठेवता सांगितलं आहे. मग म्हणतो की देवाने सोडवलं, आता सोडवत आहे आणि पुढेही सोडवील. तिन्ही काळ एका दमात. पण लगेच पुढच्या वचनात तो वाचकांची मदत मागतो: तुम्ही प्रार्थनेने साहाय्य करा. उद्याचा भरवसा त्याने एकट्याने वाहिलेला नाही. ताईंनी मात्र आपली अवस्था कुणालाही सांगितली नव्हती. बरंच आढेवेढे घेऊन त्यांनी दुसऱ्या मंडळीतल्या एका जुन्या मैत्रिणीला सांगितलं. पहाटे तीनला जाग आली की दोघी फोनवर स्तोत्र वाचतात. मैत्रीण कधी कधी मधेच झोपी जाते म्हणे.

रजिस्टर पुन्हा सुरू झालं आहे, चौथा रकाना आखून. त्यात उत्तर येईपर्यंत काय झालं ते लिहायचं, एका ओळीत का होईना. कधी ‘आज करवत नाही’ असंही असतं. औषधाची मात्रा डॉक्टरांनी कमी केली आहे. नव्या अधीक्षकाकडे काम सोपवायची तारीख ठरली. राहण्याच्या सोयीबद्दल विश्वस्तांचं लेखी उत्तर मात्र अजून आलेलं नाही, आणि दर सोमवारी ताई त्यांना स्वतः फोन करून विचारतात.