स्वस्त ऑपरेशन खिशाला महाग पडू शकतं

फैजपूरहून एका ताईंनी विचारलंय: वय 31, एक मुलगी. गर्भपातानंतर पिशवी साफ केली, तेव्हापासून अंगावरून रक्त जाणं थांबत नाही. डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) गर्भाशयातली धमनी थेट शिरेला जुळलेली दिसली, म्हणजे एव्हीएम. जळगावात पिशवी काढायला 70,000, नाशिकला एम्बोलायझेशनला, म्हणजे पिशवी न काढता धमन्या बंद करायला, 1,80,000. मेडिक्लेम 5 लाखांचा, 14 महिने जुना. बँकेतली 3 लाखांची एफडी मोडू की चार तोळे विकू?

ताई, दोन्ही नको. आधी डॉक्टरांना विचारा, थांबता येईल का? गर्भपातानंतरची अशी जुळणी कधी कधी काही आठवड्या-महिन्यांत आपोआप विरते. मात्र स्वस्तात भागतं म्हणून पुन्हा पिशवी साफ करून घेऊ नका, त्याने रक्तस्राव भडकू शकतो. एम्बोलायझेशनमध्ये जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून दोषी धमन्या बंद करतात. पिशवी राहते, पण कधी दुसऱ्यांदाही करावं लागतं. तो खर्च पॅकेजमध्ये धरलाय का, हे लेखी घ्या.

आता मेडिक्लेम. बऱ्याच पॉलिसींत पिशवी काढण्याला 24 महिन्यांची प्रतीक्षा असते. तुमचे 14 झालेत, म्हणजे तुमच्या पॉलिसीतही ती अट असेल तर 70,000 पूर्ण तुमच्याच खिशातून. एव्हीएम प्रतीक्षेच्या यादीत नसेल तर 1,80,000 पैकी बरंच कंपनी देईल. खोच एकच: गर्भपाताचा खर्च पॉलिसीत बहुधा वगळलेला असतो आणि कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. तरी कागदावर इतिहास लपवू नका, क्लेम तिथेच अडकतो. भरती होण्याआधी कॅशलेसची पूर्वमंजुरी मागा. नकार आला तर कलमासह लेखी घ्या. आधी कंपनीकडे तक्रार करा. तिथे न्याय मिळाला नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा, तिथे फी नाही. खोलीभाड्याची मर्यादाही पाहा. महागडी खोली घेतली तर बिलातल्या इतर काही रकमाही त्याच प्रमाणात कापल्या जाऊ शकतात.

उरलेल्या रकमेसाठी एफडीवर कर्ज काढा. साधारण 90 टक्क्यांपर्यंत मिळतं, व्याज एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त. घरी केळीची बाग असेल तर कापणी झाली की फेडून टाका, एफडी शाबूत राहील. सोनं विकलं तर घडणावळ बुडतेच, आणि तेवढंच पुन्हा घेताना जीएसटी वेगळा. (एफडी पतसंस्थेत असेल तर आधी पैसे वेळेवर निघतात का ते तपासा. ठेव विम्याचं संरक्षण पतसंस्थेला नाही.)

मुलगी एकच आहे, दुसरं मूल हवं की नको हे तुम्ही दोघांनी ठरवा. 1,10,000 चा फरक त्यात धरू नका. तोवर 30,000 बचत खात्यात मोकळे ठेवा. रात्री रक्तस्राव वाढला तर गाडी आणि रक्ताच्या पिशव्यांसाठी तेच लागतील.